चाऊसची कचेरी

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी जिनिंगच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मी कुपी धरली, चाऊसनं चिंधी फिरवली. फाटक ढकलून पाहिलं, कुरकुरलं नाही. चाऊस म्हणाला, "आता माझ्याबिगर बी उघडंल." दिवेलागणीच्या गाडीनं तो परभणी सोडून गेला.

"कोन? कुठून? काय काम?" कापूस घेऊन आलेल्या ज्याला ज्याला ह्या फाटकातून जावं लागलं, त्यानं हे ऐकलेलं आहे. फाटकावर बसून चाऊसनं तीस वर्षं तेवढंच विचारलं. मालकाच्या जावयालाही भर उन्हात उभं केलं होतं. मी तोलाईवाला, कापूस तोलणारा, रोजचा. मलाही सोडायचा नाही. मी म्हणायचो, "तोच मी, तिथूनच, पोटासाठी." मग कडी काढायचा.

माझी बायको दुपारी भाकरी घेऊन यायची, त्यात एक चाऊसची. ती म्हणायची, "चाऊसभाऊ, मला न्हाई का इचारायचं?" तो म्हणायचा, "तुमाला न्हाई, भाभी. फडक्याला इचारतो." आणि खरंच भाकरीच्या फडक्याकडं वाकून विचारायचा, "कोन? कुठून? काय काम?" ती पदर तोंडाला लावून हसायची.

त्याचा बाप अरबस्तानातून निजामाच्या चाकरीला आला होता. हा जन्मला परभणीत. पोलीस अॅक्शन झाली आणि अरबांना जहाजात घालून धाडायला लागले. त्याचा जावई तिकडचाच, त्याला धाडलं. लेक नवऱ्यामागं गेली. यालाही म्हणाले, नीघ. हा फाटकाला पाठ लावून उभा राहिला. "बाप आला व्हता, मी आलो न्हाई. हाकललं तर जानार न्हाई. जायचं तवा माझ्या पायानं जाईन." शेवटी त्याचं नाव परदेशी लोकांच्या वहीत लिहिलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठाण्यावर जाऊन अंगठा द्यायचा. लोक म्हणायचे, अपमान आहे. हा धुतलेला सदरा घालून जायचा.

आठ वर्षांनी त्याची नजर मंदावली, जिनिंगनं त्याला घरी बसवलं. लेकीचं पत्र आलं, "अब्बा, आता माझ्याजवळ राहा." चाऊस म्हणाला, आता कोन हाकलत न्हाई, आता जातो.

पण तिकडं राहायचं तर तिथल्या सरकारचा परवाना लागतो, आणि तो मुंबईच्या कचेरीत मिळतो. माझी बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मला म्हणाली, "तेनला एकलं धाडू नका. दारातच भांडतील." ती पौषात गेली. तेराव्यानंतर मी चाऊसबरोबर मनमाडची गाडी धरली. मला घरात तरी काय होतं?

मुंबईत आम्ही कचेरी शोधली ती आमच्या अकलेनं. अरबांच्या मुलखात जायचं, मग पाटीवर अरबी अक्षरं असतील तीच आपली. सापडली. चाऊस छाती काढून आत गेला. त्याला अरबी येत होती ती नमाजापुरती आणि बापाच्या शिव्यांपुरती. कारकून हिंदीत म्हणाला, "बाबा, तुमच्या लेकीचं गाव आमच्या राज्यात नाही. ते बंदर अजून इंग्रजाच्या हाताखाली आहे. इंग्रजाच्या कचेरीत जा."

चाऊस पायरीवर बसला. "निजाम गेला, गोरा गेला, आन माझ्या लेकीच्या दारात गोराच?"

मी म्हणालो, "ऊठ. दारात कुनी बी असू दे, लेक तर आत हाय."

दुसऱ्या दिवशी ती कचेरी गाठली. टेबलामागं आपल्याकडचाच एक चष्मेवाला. त्यानं मान वर न करता विचारलं, कोण तुम्ही, कुठले, कशासाठी जायचंय? मी चाऊसकडं पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणी हे विचारलं होतं. पण तो नीट उभा राहिला.

"फाटकवाला. परभनीचा. लेकीच्या हातचं खायला."

चष्मेवाल्यानं बापाचं गाव विचारलं आणि मूळ देशाच्या रकान्यात तेच मोठ्यानं म्हणत लिहिलं. चाऊस म्हणाला, "खोडा. ते बापाचं. माझं परभनी."

"बाबा, बापाचं गाव असलं तर परवाना लवकर मिळेल. परभणी लिहिलं तर अडकेलही."

मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं. लेकीला पाहून आठ वर्षं झाली, आणि हा रकान्यावरून भांडतोय! "असू दे ना, चाऊस!"

"हाकलताना हेच म्हनले, तू तिकडचा. तवा न्हाई म्हनलो. आता मला पायजे म्हून व्हय म्हनू?"

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, आणि खोडून परभणी लिहिलं.

परवाना अडकला. उन्हाळा गेला, पेरण्या गेल्या. चाऊस रोज पोस्टात जायचा, परत येऊन मला सांगायचा, "आज बी न्हाई." मी त्याला लय बोललो. बायको असती तर मलाच गप केलं असतं. दिवाळीच्या सुमारास परवाना आला. पोस्टमननं वाचून दाखवला, त्यात परभणीच होतं.

तो लेकीजवळ दीड वर्ष जगला. तिच्या पत्रातून कळलं. पण मला सांगायचंय ते तो परभणी सोडून गेला त्याच्या दुसऱ्या सकाळचं.

पहिली तारीख होती. मी धुतलेला सदरा घातला आणि ठाण्यावर गेलो. जमादारानं वही काढली. "चाऊस कुठाय?"

"गेला."

त्यानं शेरा लिहिला आणि मोठ्यानं वाचला, "स्वदेशी परत गेला."

"खोडा."

"तू कोण रे?"

"जिनिंगचा तोलाईवाला, हितलाच, शेरा बदलायला आलोय. लिवा, लेकीकडं गेला."

"असा शेरा नसतो."

"मग मी बसतो."

आणि बसलो. ऊन ओट्यावर आलं, तरी उठलो नाही. शेवटी जमादारानं शिवी हासडली, खोडलं, लिहिलं. मला तोलाईचे आकडे कळतात, अक्षर वाचता येत नाही. म्हणून दारातल्या शिपायाला बोलावून ती ओळ वाचायला लावली. दोनदा.