कळंब्यापर्यंत

चातुर्मास लागला की माझी आई स्वतःला चारी बाजूंनी कुंपण घालून घेते. उत्तरेला पंचगंगेचा पूल, पूर्वेला हायवे, पश्चिमेला रंकाळा आणि दक्षिणेला कळंब्याचा तलाव. दिवाळीपर्यंत याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्या जैनांत असे नेम घेणारी माणसं घरोघरी सापडतात. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी एक वेळचं जेवण. वडील गेल्यापासून आई दिशा सोडते. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, देवापुढं उभी राहून मनाशी ठरवते आणि घरी येऊन मला सांगते, ‘कळंब्यापर्यंत हं, यंदापण.’ जसा काही मी तिला काश्मीरला न्यायला गाडी धुऊन उभाच आहे.

मला हा नेम कधी मानवला नाही. माझ्या पायाला भिंगरी. ठिबकचे पाइप विकायचा माझा धंदा. आज गडहिंग्लज, उद्या निपाणी, परवा कराड. सलग दोन दिवस घरी बसलो की बायको कपाळाला हात लावून बघते, ताप आहे का म्हणून. कुणी आपणहून आपल्या पायाशी रेघ मारून घ्यायची आणि वर त्यात समाधानी राहायचं, याचा मला रागच येतो. का येतो ते सांगता येत नाही. येतो.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत एक तांबडी कुत्री आहे. आई सकाळी बस्तीला निघाली की ही तिच्या मागोमाग पिठाच्या गिरणीपर्यंत जाते आणि तिथं बसते. गिरणीपलीकडं दुसऱ्या कुत्र्यांचं राज्य होतं, पण ते कुत्रे मध्यंतरी कुठंतरी नाहीसे झाले. तरी ही गिरणी ओलांडेना. मी एकदा बिस्किटं दाखवत तिला पुढं न्यायला बघितलं. तिनं बिस्किटाकडं बघून शेपूट हलवली, जीभ बाहेर काढली, पण बूड काही उचललं नाही. आई मागून म्हणाली, ‘तिला कशाला नासवतोस?’

गेल्या भादव्यात गारगोटीहून मावसभावाचा फोन आला. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, आजारी होती. छातीत कफ भरलेला, ताप उतरत नव्हता. डॉक्टर कोल्हापूरला हलवा म्हणाले, तर या बाईनं पलंगाचा दांडा धरला आणि डॉक्टर निघून जाईपर्यंत सोडला नाही. सलाइन घरातच लावलं. मावसभाऊ मला म्हणाला, ‘आक्कामावशीला घेऊन ये. एकदा बघून जाऊ दे. मला लक्षण बरं दिसंना.’

आई चपात्या लाटत होती. मी सांगितलं. तिचं लाटणं थांबलं.

‘चल, तास-सव्वा तासात पोचू,’ मी म्हणालो.

‘दिवाळी झाल्यावर जाऊया.’

‘दिवाळीपर्यंत थांबायला तिनं काय नेम घेतलाय?’

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेलो. आईनं पुढची चपाती तव्यावर टाकली. मी म्हणालो, मुनिमहाराजांना विचारू, आजारपणाचं सांगू, ते प्रायश्चित्त देतील, विषय मिटेल. त्यावर ती म्हणाली, ‘रेघ महाराजांनी आखलीया व्हय? मी आखली. मग त्यांना काय विचारायचं?’

मी आणखी चिडलो. पुढचे दिवस फार वाईट गेले. गिऱ्हाइकाशी बोलताना माझं लक्ष खिशातल्या फोनकडं. घरी आलो की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो, पुन्हा बाहेर यायचो, पुन्हा जायचो. एक दिवस तर नुसतंच गारगोटीच्या रस्त्यानं निघालो आणि इस्पुर्लीतून चहा पिऊन परत आलो. आई मात्र आपली पूजा, आपलं पाणी गाळणं, सूर्य मावळायच्या आत जेवण. फोन वाजला की हातातलं काम तसंच धरून थांबायची. मी ‘पाइपवाल्याचा आहे’ म्हणालो की पुन्हा सुरू. दगड आहे ही बाई, असं मी बायकोला म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, ऐकू जावं म्हणूनच.

मग एका सकाळी मावसभावाचा पुन्हा फोन आला. मावशी ओळखतेय, पण बोलणं कमी झालंय. मी ते आईला सांगितलं आणि बूट घालायला लागलो. मागं वळून बघतो तर आई इरकलचं पातळ नेसून दारात.

‘कळंब्यापर्यंत सोड,’ म्हणाली.

मनात म्हटलं, निघाली एकदाची. कळंबा आलं की पुढं आपोआप जाईल. कळंबा जेलच्या भिंतीशेजारनं जाताना मी गाडी जोरात घेतली, तिनं विचार बदलू नये म्हणून. तलावाशी आलो तशी ती म्हणाली, ‘थांबव.’ तिनं माझा फोन मागून घेतला, खाली उतरली आणि पाण्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मी इंजिन बंद केलं नाही. बसवेना, म्हणून मीही उतरलो आणि गाडीभोवती फेऱ्या मारत राहिलो. तलाव गच्च भरलेला. काठच्या बेशरमीच्या झुडपात एक पाणकोंबडी होती. झुडपातून निघायची, उघडं पाणी लागलं की थबकायची, मान हलवायची आणि परत आत. समोर एवढं पाणी पसरलेलं, आणि ही तेवढ्या चार फांद्यांत. मी तिला मारायला खडा उचलला होता. खरंच उचलला होता.

आई आली. पदरानं तोंड पुसत होती.

‘फिरव गाडी.’

‘काय?’

‘फिरव म्हटलं की.’

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. घर येईपर्यंत बोलत होतो. ती खिडकीतून बाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मी समजलो, माझ्यावर रुसली आहे. रुसू दे म्हणालो.

मावशी वाचली. ताप आपला आपण उतरला, मग कफ सुटला, मग तिनं सुनेला पहिली शिवी घातली, आणि मावसभावानं ती आनंदाची बातमी म्हणून मला फोनवर कळवली. तरी माझा राग काही उतरला नाही. नशीब म्हणून वाचली, हिचा काय संबंध, असं मनात घोळत राहिलं.

दिवाळीला पहाटे बस्तीत भगवंतांच्या निर्वाणाचा लाडू चढवला आणि आई तशीच गाडीत येऊन बसली. या खेपेला कळंब्याला तिनं मान वर करूनही बघितलं नाही.

मावशी पायरीवर ऊन खात बसली होती. वाळून निम्मी झालेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, ‘मावशी, तुझी आक्का तेव्हा कळंब्यावरनं माघारी फिरली बघ. मी केवढं सांगितलं.’

मावशी हसायला लागली, मग खोकायला लागली.

‘बरं झालं फिरली. मला फोन केलता की तिनं तिथनं. कळंब्यात हाय, येतोय म्हणाली.  म्हटलं, आक्का, तू नेम मोडून येतीयास म्हंजे मी मरायला लागलोय व्हय गं?  मग म्हणती कशी, येतंय कोण? भाजी घ्यायला आलतो कळंब्याला. तुझ्याकडं दिवाळीला येतो. मग म्हटलं, आक्का एवढी बिनघोर हाय म्हंजे मला काय होत न्हाय. झोपलो निवांत.’

आई चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडत होती. ते तिला उघडेना. मी उघडून दिलं.

परतताना कळंब्याचा तलाव दिसला तेव्हा मी गाडी कडेला घेतली.  म्हणालो, ‘म्हणजे नेम राहिला तुझा.’

‘कुठला राहतोय? मनानं तिच्या उंबऱ्यात पोचलोतो की मी तवा. उगंच दुसऱ्या दिवशी उपास धरला व्हय?’

‘मग तसं होतं तर जायचंच की.’

आईनं काच खाली केली. पाणी आता काठापासून थोडं आत गेलं होतं.

‘नेम मोडला तो मोडला,’ ती म्हणाली. ‘तिला तेवढं कळू द्यायचं न्हवतं.’