इंदुअक्कांचा सातवा प्रश्न

इंदुअक्कांसमोर उपाशी पोटी आजारी पडायची सोय नव्हती. आमच्या सोलापुरातल्या आरोग्य केंद्रात त्या सिस्टर. ताप असो, खोकला असो, पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का?" नाही म्हटलं की थर्मामीटरच्या आधी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा बाहेर. बाई मूळच्या अक्कलकोटकडच्या. त्यांच्या चटणीत शेंगदाणे चवीपुरते आणि मिरची पोटभर. मी तिथला कॉम्प्युटरवाला. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती चटणी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत माठाशेजारी बसून काम केलं.

"रिकाम्या पोटाला इचारलं तर ते खोटंच बोलतंय की," हे त्यांचं वैद्यकशास्त्र.

दर थंडीत आमच्या केंद्रामागच्या मैदानावर तिबेटी निर्वासित स्वेटर विकायला येतात. तरुणांना मोडकं हिंदी येतं, म्हाताऱ्यांना तेही नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मनाची तपासणी करायला वरून एक टॅबलेट आला. त्यात तिबेटीत रेकॉर्ड केलेले सहा प्रश्न आणि प्रत्येकाखाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. ऐकायचं आणि चेहऱ्यावर बोट ठेवायचं. आपण मध्ये तोंड उघडायचं नाही, असं मला ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं. हे अक्कांना सांगायची माझी काही छाती झाली नाही.

नऊ जण आले. अक्कांनी नऊ ताटल्या मांडल्या.

"अक्का, आधी तपासणी."

"गप. परमुलखातनं आलेल्या माणसाला घासभर न देता मन उघड म्हनायचं? आपल्यात असं करत्यात व्हय?"

जेवणं झाली आणि टॅबलेट फिरला. डोळ्यांत पाणी येतं का? छातीत जळजळ होते का? घाम फुटतो का? माणसं प्रामाणिक. आठ जणांनी नाक पुसत पुसत रडका चेहरा दाबला. टॅबलेट लालेलाल झाला आणि त्यानं परस्पर मोठ्या डॉक्टरांना कळवलं. अर्ध्या तासात जीप दारात.

"काय प्रसंग ओढवला यांच्यावर?" डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"काय न्हाय. यंदा मिरची जरा जहाल निघाली. तुमी जेवला का?"

डॉक्टर जेवले. मग तेही चष्मा काढून डोळे टिपत बसले. माझी नोकरी गेली असं मी मनात धरूनच चाललो होतो.

नववी होती डोल्माआजी. तिनं सगळीकडे हसरा चेहरा दाबला होता. "ही तेवढी ठणठणीत," डॉक्टर म्हणाले. अक्का मात्र तिच्या ताटलीकडे बघत होत्या.

"हिनं हातबी लावला न्हाय. गेल्या साली नवऱ्याशेजारी बसून दोन भाकऱ्या खाल्ल्यात हिनं, वर चटणी मागून नेली. डॉक्टर, तुमचं यंत्र अडाणी हाय. हीच आजारी हाय."

आजीच्या भाचीला बोलावलं. तिनं हिंदीत सांगितलं, नवरा उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून आजी धड जेवत नाही, झोपत नाही. मग हसरा चेहरा कशाला? तर विचारणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. डॉक्टरांनी त्याच दिवशी उपचार सुरू केले.

अक्कांनी आपले वेगळे सुरू केले. रोज दुपारी स्वेटरच्या गठ्ठ्यावर आजीशेजारी बसून मराठीत सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या.

"अहो, त्यांना एक अक्षर कळत नाही."

"म्हनूनच सांगतीया. सुनेच्या कानावर जायाचं न्हाय."

नवव्या दिवशी आजीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ढसाढसा रडायला लागली. मी सवयीनं माठाकडे धावलो. अक्कांनी मला थांबवलं. "हे मिरचीचं न्हवं. यिऊ दे."

टॅबलेटमध्ये केंद्रानं आपला एक प्रश्न घालायची जागा होती. अक्कांनी माझ्या मानगुटीवर बसून तो घालायला लावला, तोही स्वतःच्या आवाजात, मराठीत. "जेवलास का?" तिबेटीत करून घेऊ म्हटलं, तर म्हणाल्या, "एवढं समद्यास्नी कळतंय."

गेल्या वर्षी अक्का रिटायर होऊन लेकीकडे अक्कलकोटला गेल्या. मला फार चुकल्यासारखं होतं, उगाच कशाला लपवू. या थंडीत डोल्माआजी आली. अक्कांच्या रिकाम्या खुर्चीकडे तिनं जरा वेळ पाहिलं, सहा प्रश्न भराभर उरकले आणि सातवा तीनदा ऐकला. मग माझ्याकडे वळून अगदी अक्कांच्या हेलात म्हणाली, "जेवलास का?"

मी नुकताच डबा संपवून बसलो होतो.

"नाही," म्हणालो.