साहेबाच्या दाराची ताटी

सोलापूरच्या वैशाखात बाळंत होऊ नये. हे काही कुणाच्या हातात नसतं, पण मी माझ्या लेकींना हे सांगत आले. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं ते ऐन वैशाखात. मुलगी झाली. त्या बारा दिवसांचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

तेव्हा वीज आमच्या गल्लीत यायची होती. पंखा म्हणजे हातातला. दुपारी बाराच्या पुढे पश्चिमेकडून झळा सुरू झाल्या की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. ज्यांची ऐपत असे ते दाराला वाळ्याची ताटी लावत. वाळ्याच्या मुळ्या बांबूच्या कामट्यांवर दाट विणायच्या, ती चौकट पश्चिमेच्या दारात उभी करायची आणि तिच्यावर पाणी मारत राहायचं. बाहेरची झळ ओल्या मुळ्यांतून आत येताना गार होऊन येते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत अव्वल कारकून होते. बारशाला कचेरीतली मंडळी घरी येणार म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीला ताटी लावायचं काढलं. मंद्रूपकडचा एक ताटीवाला आला. नदीकाठचा वाळा स्वतः उपटून आणायचा आणि स्वतः विणायचा, असा माणूस. बैठकीला लागूनच माझी बाळंतिणीची खोली होती, म्हणून त्यांचं सगळं बोलणं मला बाजेवर पडल्या पडल्या ऐकू येत होतं.

"मालक, हितं मानसं किती बसत्यात?" त्यानं विचारलं. "अन् आतलं दार उगडं ऱ्हातंय का बंद?"

"तुला काय करायचंय?" अण्णा म्हणाले. "कचेरीत जा. साहेबांच्या दाराला जी ताटी आहे, तिचं माप घे. तशीच पाहिजे. बोटभरसुद्धा कमी नको."

"साहेबाचं दार लई थोर हाय, मालक."

"म्हणूनच म्हणतोय."

मला आजही कळत नाही की शिकलासवरलेला माणूस असं कसं बोलतो. बायकोच्या भावाला अंगरखा शिवायचा तर कुणी साहेबाच्या अंगाचं माप देईल का? पण ताटीचं माप खोलीवरून घ्यायचं नसतं, मानावरून घ्यायचं असतं, अशी आमच्या घरची समजूत. नुसती आमच्याच नव्हे, पेठेतल्या निम्म्या घरांची.

ताटी आली. दोन माणसांनी उचलून आणली. सात हात उंच, पाच हात रुंद. आमच्या बैठकीचं दार जेमतेम चार हात उंच. ताटी दाराच्या वर गेली, बाजूला गेली, शेजारची खिडकीही तिनं गिळून टाकली. आतलं, माजघराकडचं दार तर कायम लावलेलं असे, कारण पाहुणे बसले की घरातल्या बायका दिसायला नकोत. म्हणजे वारा येणार एकीकडून, आणि जायला वाट कुठंच नाही. दुसऱ्याच दिवशी बैठकीत ओल दाटली. भिंतीला पाणी सुटलं, अण्णांचा सदरा पाठीला चिकटला, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना कुबट वास यायला लागला. गारवा म्हणाल तर नावाला नाही.

आणि ती ताटी भिजवायची कुणी? माझ्या आईनं. वैशाखात आड तळाला गेलेला. आई दोर सोडायची, घागर ओढायची, तांब्या तांब्यानं साहेबाच्या मापाची ताटी भिजवायची. एक टोक भिजेपर्यंत दुसरं वाळलेलं असे. हाताची सालं निघाली. तिनं ब्र काढला नाही, याचासुद्धा मला राग आहे.

या भिंतीच्या अलीकडे काय चाललं होतं तेही सांगते. माझी खोली म्हणजे दोन बाजा मावतील एवढी. पश्चिमेला एक बारकी खिडकी, तिच्यात गोधडीचा बोळा कोंबलेला. बाळंतिणीला वारा लागू नये, हा आत्याचा कायदा. आत्या म्हणजे अण्णांची थोरली विधवा बहीण. घरातलं सोवळंओवळं, पथ्यपाणी सगळं तिच्या शब्दावर. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, कानाला घट्ट फडकं, वर ओव्याची धुरी. बाहेर झळा आणि आत शेगडी! मी बोलले तर आत्या म्हणे, "आम्ही नाही का झालो बाळंत?"

नवव्या दिवशी बाळीनं अंगावर प्यायचं सोडलं. अंग भाजत होतं, पाठ घामोळ्यांनी लाल, ओठ कोरडे. रडायला तोंड उघडायची पण आवाज निघत नव्हता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर टाळू आत बसलेली. मी आईला हाक मारली. आईनं हात लावून पाहिलं आणि आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "दृष्ट लागलीय. मीठमोहऱ्या उतरा."

त्याच दुपारी अण्णांनी ताटीवाल्याला बोलावून आणलं होतं, झाडायला.

"फसवलंस मला! याला गारवा म्हणतात?"

"साहेबाच्या मापाची हाय की, मालक. खोली साहेबाची न्हाय." तो शांतपणे म्हणाला. "ह्यातली चार हात ठिवा. खिडकी मोकळी सोडा. आतलं दार उगडा, लाज वाटत आसंल तर लुगडं टांगा. वाऱ्याला भायेर जायाला वाट पायजे का नगं?" मग त्याचा आवाज माझ्या खिडकीपाशी आला. "ह्या बारक्या खोलीत कोन हाय?"

"बाळंतीण आहे. तू तुझं बघ."

"आन् खिडकीत बोळा? पोर उकडून काढताय व्हय? ऱ्हायलेला तुकडा हितं लावा. दीड हात पुरं. पयलं हितं लावा."

अण्णांनी त्याला हाकलून दिलं. त्या माणसानं माझी मुलगी पाहिलीसुद्धा नव्हती. तरी या घरात ती कशी असेल हे त्याला रस्त्यावरून कळलं, आणि चार पावलांवर बसणाऱ्या तिच्या आजोबांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा कचेरीत गेले आणि आईनं कोयता काढला. मला आधी वाटलं, नारळ फोडतेय. मग भिंतीपलीकडून कामट्या तुटल्याचा आवाज आला, एकामागून एक. ती माझ्या खोलीत आली ती काखेत ताटीचा तुकडा घेऊन. खिडकीतली गोधडी उपसून तिनं अंगणात फेकली.

आत्या दारात उभी राहिली. "वेड लागलं का गं तुला? बाळंतीण हातची जाईल!"

"वन्सं," आई म्हणाली, "ही शेगडी तुम्ही बाहेर नेता, की मी लाथाडू?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून आई वन्संपुढे मान वर करून बोललेली कुणी ऐकली नव्हती. आत्यानं शेगडी उचलली.

तुकडा खिडकीत बसवून आईनं दोन तांबे पाणी मारलं. दोनच. माझ्या खोलीचं दार तिनं सताड उघडं टाकलं. थोड्या वेळानं वाळ्याचा वास आला आणि त्यामागून गार वारा. बाळीच्या जिभेवर आई कापसाच्या बोळ्यानं पाणी सोडत राहिली. दिवेलागणीच्या आधी मुलीनं तोंड फिरवलं, चाचपलं आणि ती प्यायला लागली. मी रडले. आई नाही रडली. तिला बैठकीतला कचरा झाडायचा होता.

अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. पण बारसं दीड दिवसावर आलेलं. उरलेली ताटीही काढून टाकली असती तर दारात काहीच राहिलं नसतं. तशीच राहिली. आईनं ताटीवाल्यानं सांगितलं तसं आतलं दार उघडून त्यावर आपलं जुनं लुगडं टांगलं होतं.

बाराव्या दिवशी कचेरीतली मंडळी आली. मी माजघरात पाळण्याशी, मांडीवर मुलगी. पलीकडे बैठकीत कुणी तरी म्हणालं, "वा! अण्णासाहेब, तुमच्याकडे साहेबांच्या खोलीपेक्षा गार वाटतंय."

अण्णा हसले. "अहो, माप महत्त्वाचं. लोक नुसती मोठी ताटी लावतात. मी खोली बघून कापून घेतली."

आई माझ्या शेजारी पानं पुसत होती. तिचा हात थांबला नाही. त्या हातावरची सालं मी पाहिली आणि मला राहवलं नाही.

"ताटी आईनं कापली," मी म्हणाले, अगदी मोठ्यानं. "कोयत्यानं. नाही तर आज पाळण्यात घालायला मुलगी नसती."

मध्ये नुसतं लुगडं होतं. शब्द न् शब्द पलीकडे गेला. बैठकीत एकानं खाकरून यंदाच्या पावसाचा विषय काढला. आई माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग तिनं पुढचं पान पुसायला घेतलं.

पाहुणे गेले. सकाळी उठून पाहिलं तर अण्णांनी आतल्या दारावरचं लुगडं काढलेलं, आणि दार लावून घेतलेलं. त्या दुपारपासून बैठक पुन्हा तापली. वैशाख संपेपर्यंत अण्णा त्या खोलीत घामानं सदरा भिजवत बसले. आमचा आवाज ऐकण्यापेक्षा त्यांना उकाडा परवडला.

आईनं बैठकीची ताटी भिजवायचं त्या दिवसापासून सोडून दिलं. दोन तांबे तेवढे माझ्या खिडकीला मारायची.