धुण्याचा दगड

बर्फाची हौस असलेल्यांनी पौषात पोलादपूरच्या वर करंजकोंडात यावं. बर्फ नसतो, पण पहाटे दहिवराने गवत पांढरंफटक होतं आणि धुकं इतकं उतरतं की मागच्या दारातून परसातला फणसही दिसत नाही. अशा वेळी ठकूबाई उंबऱ्यावर बसते, फोन उपड्या पाटीवर टेकवते आणि श्वाससुद्धा बेताने घेते. साठी उलटली, नवरा गेला, एकुलता लेक अनिल कळंबोलीला टेम्पो चालवतो. त्याने जुना फोन दिला तो बोलायला. हिने त्यावर भेकर, साळिंदर, रानकोंबडे टिपायला सुरुवात केली. निम्मी वाडी मुंबईला. वाडीच्या ग्रुपवर सकाळी हिचा फोटो पडला नाही, तर काकी बरी आहे ना, असे फोन येतात. बाई मनातून खूश होते, वर मात्र यांना कामधंदे नाहीत म्हणते.

त्या मंगळवारी ही हौस अंगाशी आली. उजाडताना खवल्या मांजर फणसाखालच्या धुण्याच्या दगडाला अंग घासून तिथल्याच बिळाकडे चाललं होतं. उभ्या जन्मात तिने ते दोनदाच पाहिलेलं. तिने फोटो काढला आणि नेहमीसारखा ग्रुपवर टाकला. या जनावराला खवल्यांसाठी मारून चोरून विकतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ग्रुपवर तर आपलीच माणसं, असं ती धरून चालली.

दुपारी अनिलचा फोन आला.

"आये, त्या मांजराचं बीळ कुणाला दावू नको. शनवारी मी येतोय. दोघं जण हायत संगती."

"कशाला?"

"बघायला." मग जरा थांबून, "कुदळ हाय ना घरात?"

बघायला कुदळ कशाला लागते, हे न कळण्याइतकी ठकूबाई भोळी नव्हती. फॉरेस्टवाल्यांना कळवावं तर पोटचा पोर अडकणार. गप्प बसावं तर मुकं जनावर जाणार, आणि तेही तिच्याच फोटोपायी. तिला लेकाचा संताप आला आणि स्वतःचाही.

शुक्रवारपर्यंत तिने तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. जनावर, मागे पांढरं धुकं, आणि धुण्याचा दगड. फणस नाही, कुंपण नाही, घर नाही. जागा ओळखायला खूण काय ती एकच.

मग तिने पहार काढली. हा दगड तिच्या नवऱ्याने नदीतून ओंडक्यांवर सरकवत आणला होता, तेव्हा चार माणसं होती. आता ही एकटी. दगड उचकटला, खाली ओंडका सारला, हातभर ढकलला, पुन्हा उचकटला. ऊन कलेपर्यंत दगड परसाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणापाशी पोचला. तिथे तिने घरातलं धुतलेलंसुद्धा पुन्हा धुतलं, म्हणजे माती भिजून साबणाची व्हावी आणि दगड जुनाच तिथला वाटावा. फणसाखाली, आत बिळाचं तोंड मोकळं ठेवून, बीळ आणि दगडाची जुनी खूण झाकेल असा, राब म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला तोडलेल्या कवळीचा ढीग रचला. या दिवसांत घरोघरी अशी डहाळ्यांची कवळ पडलेली असते, कोण कशाला बघतंय.

शनिवारी गाडी आली. अनिल आईच्या नजरेला नजर देईना. सोबतच्या दोघांपैकी टोपीवाल्याने फोनवरचा फोटो दगडाशी धरून पाहिला. "हाच." पण बीळ कुठे दिसेना. तो परसभर फिरला, फणसाखाली आला आणि कवळीवर त्याने पाय ठेवला.

"हे काय?"

"राबाची कवळ हाय," अनिल म्हणाला.

"आणि दगड? पहिल्यापासून तिथेच होता?"

ठकूबाईने मागच्या दाराची चौकट घट्ट धरली. या दगडावर अनिल दहा वर्षांचा होईपर्यंत तिने त्याला न्हाऊ घातलं होतं. डोळ्यांत साबण गेला की तो वर फणसाकडे तोंड करून भोकाड पसरायचा. तिने मापं सगळी बरोबर घेतली होती, फक्त दगडाची जागा लेकाला पाठ आहे, हे एक विसरली होती.

अनिलने दगडाकडे पाहिलं. त्याच्यावर मोकळं आभाळ होतं. मग फणसाकडे पाहिलं, मग आईच्या सोललेल्या तळव्यांकडे.

"पहिल्यापासून तितंच हाय," तो म्हणाला. "बीळ मातीनं बुजवून आत झोपतं ते. खणाया लागंल." आणि स्वतःच कुदळ घेऊन कुंपणाकडे गेला.

दुपारपर्यंत त्यांनी कमरेइतका खड्डा केला. गांडुळं निघाली. टोपीवाला आईबहिणीवरून शिव्या देत जोडीदाराला घेऊन गाडीत बसला आणि गाडी गेली; अनिल मागेच राहिला.

मग त्याने पहार उचलली, आणि दोघांनी मिळून दगड परत फणसाकडे ढकलायला घेतला. अर्ध्या वाटेत तो दम खायला थांबला.

"आये, मी खरं सांगितलं असतं तर?"

"तर या दगडावर मी कुणाला न्हाऊ घातलं, तेच मला कळलं नसतं," ठकूबाई म्हणाली. "ढकल आता."