हाताखालचा टेकू

ग्लाफिरा निकोनोव्हनाने पुखोववर सहा वर्षं डूख धरला होता आणि कारखान्यात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. बाई कुणाशी भांडत नसे. कामा नदीच्या काठावरच्या त्या कारखान्यात ती फिक्स्चर जोडायची. फिक्स्चर म्हणजे ड्रिलखाली जॉब, भोक पाडायचा तो भाग, तसूभर हलू नये म्हणून त्याला आवळून धरणारा लोखंडी सांगाडा. प्रत्येक जॉबसाठी नवा सांगाडा घडवत बसायला वेळ कुणाला? खाचा पाडलेल्या लोखंडी पाटीवर ठोकळे, टेकू, क्लॅम्प बोल्टने कसायचे, दोन-तीन तासांत फिक्स्चर उभं. त्या जॉबची खेप संपली की सुटं करायचं, रॉकेलने धुवायचं आणि सगळं परत फळीवर. ग्लाफिराच्या हातचं काही म्हणून मागे उरत नसे. उरायचा तो एक फोटो, पुढच्या वेळी बघून जोडायला. तो म्हातारा सावेली काढायचा आणि त्यात माणसाला येऊ द्यायचा नाही.

एकदाच एक जण आला होता. तो पुखोव.

अडुसष्ट साली पंपाच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तिरकी भोकं पाडायची होती. तीनातलं एक केसिंग हटकून तडकायचं. इंजिनियर लोक महिनाभर डोकं खाजवत बसले. मग ग्लाफिराला सुचलं की केसिंग उलटं करून कलतं धरावं. तिला ड्रॉइंग काढता येत नव्हतं, म्हणून तिने भाबडेपणाने सगळं तरुण वेन्यामिन अर्कादिच पुखोवला सांगितलं. त्याने सुबक ड्रॉइंग काढलं आणि खाली एकच नाव घातलं, स्वतःचं. त्या नावावर त्याचा घरांच्या यादीत नंबर लागला. दोन कोरड्या खोल्या, नदीकडे खिडकी. ग्लाफिराचा नंबर होता तो मागे गेला. तिची आई बराकीतल्या ओल्या भिंतीला टेकून आणखी एक हिवाळा खोकली आणि मार्चमध्ये गेली.

ग्लाफिरा तेव्हा पुखोवशी त्याबद्दल एकदाच बोलली होती.

"कागद कुठाय, ग्लाशा?" पुखोव तिला लाडाच्या नावाने हाक मारत गोड हसला होता. "नुसतं तोंडाने काय, मीसुद्धा चंद्रावर जाऊन येतो."

पण एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. ड्रॉइंग झाल्यावर ग्लाफिराने फिक्स्चर पहिल्यांदा उभं केलं, तर ड्रिलखाली केसिंगची पातळ भिंत थरथरली. तिने आतून एक छोटा स्क्रूचा टेकू दिला. बाहेर दिसायची ती फक्त त्याची मूठ. फोटोच्या वेळी पुखोव ऐटीत पुढे आला आणि नेमका त्या मुठीवर तळवा ठेवून उभा राहिला. ग्लाफिराने ते पाहिलं आणि जीभ आवरली. त्यानंतर दरवर्षी ते फिक्स्चर तीच जोडत आली, आठवणीवरून, टेकूसकट.

आता चौऱ्याहत्तर साल. पुखोव विभागप्रमुख झाला होता आणि फिक्स्चर बघायला बाहेरगावच्या कारखान्यांची माणसं येणार होती. त्यांनी वाहवा केली की त्याला मॉस्कोची खुर्ची पक्की. एकदा मॉस्कोला गेला की हाताबाहेर गेला, हे ग्लाफिराला कळत होतं.

"खेप संपली तरी ते सोडवू नकोस, ग्लाशा," आदल्या दिवशी पुखोव जाता जाता म्हणाला. "पाहुण्यांना दाखवायचंय."

ग्लाफिराने मान हलवली. भिंतीवर पुखोवच्याच सहीचा हुकूम लटकत होता. खेप संपली की त्याच पाळीत फिक्स्चर सुटं करावं. तिने हुकूम पाळला.

सकाळी पुखोव पाहुण्यांना घेऊन आला तर टेबलावर नुसती खाचांची पाटी.

"हे काय? ठेव म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"कागद कुठाय, वेन्यामिन अर्कादिच?"

पुखोवने भिंतीवरचा आपलाच हुकूम पाहिला. पाहुण्यांत झीकोव नावाचा म्हातारा होता, दोन बोटं मशीनला देऊन बसलेला जुना फिटर. तो म्हणाला, "मग अडलंय काय? ज्याने बनवलं तो इथेच उभा आहे की. जोडा, आम्ही बघतो."

पुखोवने ड्रॉइंग आणि फोटो समोर ठेवून तीन तास बोल्ट आवळले. पहिलं केसिंग तडकलं. दुसरंही. तिसऱ्याला झीकोवने थांबवायला हात वर केला. "उद्या दहा वाजता बघू."

संध्याकाळी पुखोव बराकीत आला. सहा वर्षांत पहिल्यांदा तो तिला अहोजाहो करत होता. "ग्लाफिरा निकोनोव्हना, काय राहतंय हो? सांगा ना."

"बसा." तिने आईच्या खाटेकडे बोट केलं. "असे काठावर नका बसू. भिंतीला टेका. ती तशीच बसायची."

तो टेकला. भिंतीवर, त्याच्या डोक्याच्या वर, तोच फोटो होता. सावेलीने तिला एक प्रत दिली होती. ग्लाफिराने स्वतःपुरता चहा ओतला, मुरंब्याची वाटी जवळ ओढली आणि सावकाश पीत बसली. तो बघत होता. तिला फार बरं वाटलं.

तासाभराने ती म्हणाली, "फोटोत आहे ते."

"नाही! भिंग लावून पाहिलाय मी."

"तुमच्या तळव्याखाली आहे."

पुखोव मान वळवून फोटोकडे बघतच राहिला. "काय आहे तिथे?"

"उद्या सगळ्यांसमोर बसवते. आधी तुम्ही बोलायचं. फिक्स्चर कुणाचं, आणि माझ्या आईला खोली का मिळाली नाही."

"माझं मॉस्को जाईल!"

"जाऊ दे. नाही बोललात तर केसिंगं तडकतच राहतील, मग मॉस्कोही जाईल आणि ही नोकरीही."

दुसऱ्या दिवशी तो बोलला. पहिलं वाक्य इतकं पुटपुटला की झीकोव ओरडला, "मशीनं बंद करा रे, काही ऐकू येत नाही!" मशीनं बंद झाली. मग पुखोवला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, त्या शांततेत, आईच्या खोलीपर्यंत. ग्लाफिराने पाऊण तासात फिक्स्चर उभं केलं, शेवटी आतून टेकू दिला, आणि ड्रिल लोण्यातून गेल्यासारखं गेलं. सावेलीने फोटो काढला. त्यात माणूस नव्हता.

पुखोव जायला वळला तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्याच्या निळ्या कोटाच्या पाठीवर बराकीच्या भिंतीचा चुना बसला होता, ओला होऊन वाळलेला, खांद्यापासून कमरेपर्यंत. त्याला पत्ता नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाईने ग्लाफिराला कोपराने ढोसलं. "अगं, सांग ना त्याला."

"आईच्या शालीवरही असायचा," ग्लाफिरा म्हणाली आणि बोल्ट सोडवू लागली.