लोंब येईपर्यंत

आमच्या संडासाला दार नव्हतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि आम्ही नव्या वसाहतीत आलो, तेव्हा बाबांनी आधी चुलीची जागा केली, मग छप्पर, आणि दार राहून गेलं. तिथे युरियाच्या पोत्याचा पडदा होता. बाबा मासे धरायचे, पण धरणाच्या खोल पाण्यात त्यांचं जुनं जाळं चालेना. घर आईच्या निंदणाच्या मजुरीवर चाले. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते.

त्या वर्षी मला शौचातून रक्त पडायला लागलं. दिवसातून दहा-बारा वेळा तो पडदा सारावा लागे. परीक्षेचा पेपर तीन तासांचा, आणि मला अर्धा तास बसवत नव्हतं. बाबा म्हणायचे, "बुकं पचून नाही राहिले का वं?" पण मी उठायच्या आत पडद्यामागे पाण्याची बादली भरलेली असायची.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी आतड्याचा टीबी नाही ना ते पाहिलं. मग आतून दुर्बिणीने तपासलं, आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. रिपोर्टसोबत चार रंगीत फोटो मिळाले. आईने ते उजेडात धरले.

"हे तुह्या आतलं होय?"

लाल, ओलं, जागोजागी सोललेलं. मला किळस आली नाही. उलट मी डॉक्टरांना विचारलं, तुकड्यांची स्लाइड मला बघायला मिळेल का? ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. पुढच्या खेपेला मी ती पाहिलीसुद्धा. कांद्याची साल, पानं-देठं यांपलीकडे सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिलेलं ते पहिलंच काही, आणि ते माझंच होतं.

रिपोर्टखाली लिहिलं होतं, कोलायटिस, प्रकार अनिश्चित. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आतड्याच्या या सुजेचे मुख्य प्रकार दोन, तुझ्यात दोन्हींच्या खुणा आहेत. पुढे कळेल, किंवा कळणारही नाही. मला राग आला. प्रॅक्टिकलला नमुन्याखाली मी 'अनिश्चित' लिहिलं असतं तर सरांनी शून्य दिलं असतं.

घरी आईला समजवायला मी कागदावर आतडं काढलं. तिने मध्येच थांबवून सांगितलं, धानाच्या बांधीत रानटी धान उगवतं, पान तेच, उंची तीच, जन्मभर निंदण केलेल्या बाईलाही ते दाण्याचं कणीस बाहेर येईपर्यंत ओळखू येत नाही.

"लोंब आल्याबिगर नाही समजत," ती म्हणाली. "तोवर कोणी बांधी सोडून देते का? पाणी त द्याच लागते."

गोळ्या सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत रक्त थांबलं. मग मी चूक केली. आमच्या घरी ताप उतरला की गोळी बंद, उरलेल्या गोळ्या चहाच्या डब्यात, पुढच्या आजाऱ्यासाठी. स्टेरॉइडच्या गोळ्या दर आठवड्याला थोड्या थोड्या कमी करायच्या असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी, विज्ञान शिकणारी, त्या गोळ्या एका सकाळी एकदम थांबवल्या आणि पाकीट डब्यात ठेवलं. दहा दिवसांत पाय उचलेनात, रक्त परत आलं. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणासाठी ठेवल्या होत्या?"

गोळ्या पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी प्रॅक्टिकलच्या वहीत तक्ता आखला. काय खाल्लं, किती वेळा गेले, रक्त होतं की नव्हतं. आईचा संशय लाखोळीच्या डाळीवर होता. पंधरा दिवस डाळ बंद, पंधरा दिवस चालू, आकडे सारखेच निघाले. डाळ निर्दोष सुटली. दुधाच्या चहाने मात्र दर वेळी पोट बिघडे, ते मी कधी मनातही आणलं नव्हतं. दरम्यान बाबांनी पोतं काढून पत्र्याचं दार बसवलं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मला परीक्षेत दाराजवळची जागा मिळाली. वनस्पतिशास्त्राच्या पेपरला एकदा उठले, परत येऊन बसले, आणि शेवटची घंटा होईपर्यंत लिहिलं.

माझ्या दुखण्याचा प्रकार अजून अनिश्चितच आहे. सकाळची गोळी मी अजून घेते. त्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी. पास झाले, आमच्या घरातली पहिली.