सेफ्टी वीकचा निबंध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. आता लपवायचाही कंटाळा आलाय, म्हणून तुम्हाला सांगते.

मी निगडीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. उपरोध शिकवायचा तास आला की हल्ली नकोसं होतं. शब्द स्तुतीचे, अर्थ उलटा — एवढंच तर सांगायचं असतं. पण ते कुणाला सांगायचं, कुणाला नाही?

चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी वीक होता. कामगारांची निबंधस्पर्धा ठेवलेली, परीक्षक मी. प्रेस मशीनवर ठेक्यानं काम करणाऱ्या लातूरकडच्या शोभाताईंनी लिहिलं होतं — आमचे साहेब फार मायाळू. हात वाचवणारा सेन्सर बिघडला तरी मशीन बंद ठेवून आमचा खोळंबा करत नाहीत. कुणाचं बोट गेलं तर अँब्युलन्स नाही बोलवत, गुपचूप स्वतःच्या गाडीतून नेतात. गेटवरचा ‘अपघात शून्य’चा बोर्ड मात्र रोज पुसतात.

काय लिहिलं होतं बाईनं! मी दोनदा वाचलं.

एचआरचे साहेब वरवर चाळूनच खूश झाले. पहिलं बक्षीस हिलाच, म्हणाले, स्टेजवर वाचायला लावू. गप्प बसायला माझं काय जात होतं? पण त्यांचं ते समाधानी हसू मला बघवेना. नाही — खरं सांगते — मला किती कळतं ते दाखवायचं होतं. म्हटलं, साहेब, ही स्तुती नाही, उपरोध आहे. आणि वर्गात सांगते तसं एकेक वाक्य फोडून सांगितलं — गाडी कशासाठी, बोर्ड कशासाठी. त्यांनी कागदाची घडी घातली आणि चहा मागवला. मी तो प्याले.

पुढच्याच आठवड्यात ठेकेदारानं शोभाताईंना गेटवरून परत पाठवलं.

नंतर त्या मला निगडीच्या बसस्टँडवर भेटल्या; स्पर्धेच्या दिवशी कंपनीत पाहिलेलं, म्हणून त्यांनीच ओळखलं. काम गेल्याचं सांगितलं, रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, “साहेबाला काय कळणार न्हाई, ठाऊक होतं मला. मराठीच्या मॅडम वाचणार म्हणले, म्हणून लिहिलं. तुमाला तरी कळलं का, मॅडम?”

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग साहेबाला कुणी सांगितलं?

“नाही हो,” मी म्हटलं. “मला ती स्तुतीच वाटली.”

काम गेल्याचं सांगतानाही पडला नव्हता, तो त्यांचा चेहरा तेव्हा पडला. “असू द्या,” म्हणाल्या, “मलाच नीट लिहिता आलं नसंल.”

नीट लिहिलं होतं. फार नीट लिहिलं होतं त्यांनी.